विश्लेषण : सीईटीच्या पर्सेंटाइलमधले सात दशांश किती खरे?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘किती पडले?’ गुणपत्रिकेवर मात्र त्याचे उत्तर नसते. तिथे ९३.०१४६२७१ अशा धाटणीचा आकडा असतो. दहावी-बारावीच्या टक्क्यांची सवय असलेल्या घरात तो ९३ टक्क्यांसारखा वाचला जातो, पेढे वाटले जातात आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत हवे ते महाविद्यालय हुकले की गोंधळ सुरू होतो. हा आकडा तयार कसा होतो, त्यावर किती विसंबावे आणि विद्यार्थी त्याच्याशी कसे जुळवून घेतात?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, मग काय?

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. ९३ पर्सेंटाइल याचा अर्थ, त्याच सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभर जणांपैकी ९३ जणांना त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत. प्रत्यक्षात किती गुण मिळाले, हे त्यावरून कळत नाही.

अभियांत्रिकीसाठीचा पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न न वाचता सगळीकडे अंदाजाने खूण करणाऱ्यालाही सरासरी ५० गुण मिळू शकतात. म्हणजे या परीक्षेत ५० गुणांना शून्याच्या जवळचाच अर्थ आहे.

आणखी एक गैरसमज दरवर्षी दिसतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून पालक एकूण पर्सेंटाइलशी ताडून पाहतात आणि ‘निकाल चुकला’ म्हणतात. एकूण पर्सेंटाइल ही सरासरी नसतेच. ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढले जाते.

वेगवेगळ्या सत्रांची तुलना कशी होते?

सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. तेवढे संगणक एकाच वेळी उपलब्ध नसल्याने परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कुणाला सोपी येते, कुणाला अवघड. हा फरक मिटवण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांशी केली जाते.

समजा, एका सत्रात १८ हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातल्या १६,७४० जणांना ११० किंवा त्याहून कमी गुण आहेत. मग ११० गुणांना ९३ पर्सेंटाइल. दुसऱ्या सत्रातही १८ हजार विद्यार्थी आहेत, पण पेपर अवघड होता. तिथे १६,७४० जण ९८ गुणांपर्यंतच पोहोचले. तिथे ९८ गुणांनाच ९३ पर्सेंटाइल. ‘मला बारा गुण जास्त असून आम्ही दोघे सारखे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जेईई मेनमध्येही हीच पद्धत वापरली जाते.

यामागचे गृहीतक एकच. प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्च्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सारखे असते. चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखी विद्यार्थ्यांची विभागणी झाली आणि प्रत्येक सत्रात हजारो जण असले, तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. अडचण ‘बऱ्यापैकी’ या शब्दातच आहे.

सात दशांश स्थळे कशासाठी?

एकाच आकड्यावर फार विद्यार्थी अडकू नयेत, गुणवत्ता यादी लावता यावी, यासाठी. पण ही अचूकता किती खरी, हे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे.

गुण शून्य ते २०० असे पूर्णांकात मिळतात. म्हणजे एका सत्रात जास्तीत जास्त २०१ पायऱ्या असू शकतात. वरच्या उदाहरणातले १८ हजार विद्यार्थी या २०१ पायऱ्यांवर उभे आहेत. एका पायरीवरच्या सगळ्यांचे एकूण पर्सेंटाइल सातव्या दशांशापर्यंत तंतोतंत सारखे असते. मग इतके वेगवेगळे आकडे येतात कुठून? प्रत्येक सत्राची विद्यार्थिसंख्या वेगळी असते म्हणून. एका सत्रात १७,९४२ जण हजर होते आणि दुसऱ्यात १८,०१३, तर भागाकाराचे शेपूट बदलते. सहाव्या-सातव्या दशांशातला फरक विद्यार्थ्याच्या तयारीतला नसून त्या दिवशी किती जण गैरहजर राहिले यासारख्या गोष्टींतून आलेला असू शकतो. यादीत मात्र त्यावरून कुणी वर जातो, कुणी खाली.

अलीकडच्या दशांशांचे वजन त्याहून मोठे. १८ हजारांच्या सत्रात एक विद्यार्थी म्हणजे सुमारे ०.००५६ पर्सेंटाइल. चार लाख वीस हजारांच्या राज्य यादीत त्याचा अर्थ होतो जवळपास २३ क्रमांक. आणि पूर्ण एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजारांहून अधिक विद्यार्थी. ‘एकाच पर्सेंटाइलने हुकले’ असे सहज म्हटले जाते. तो ‘एक’ इतका मोठा असतो.

यात नशिबाचा वाटाही असतो. अखेरच्या पाच मिनिटांत गणिताच्या दहा प्रश्नांवर अंदाजाने खुणा करणाऱ्या दोघांपैकी एकाचे चार प्रश्न बरोबर येतात, दुसऱ्याचा एक. तयारी सारखी असूनही सहा गुणांचा फरक पडतो. मधल्या पायऱ्यांवर जिथे सर्वाधिक गर्दी असते, तिथे सहा गुण विद्यार्थ्याला हजारो क्रमांक पुढे-मागे करू शकतात. पद्धत अन्यायकारक आहे असे याने सिद्ध होत नाही. पण ९३.०१ आणि ९३.०४ या विद्यार्थ्यांत गुणवत्तेचा फरक आहे, असा दावा कुठलाही संख्याशास्त्रज्ञ करणार नाही. प्रवेश प्रक्रिया मात्र तो करते, कारण जागा मोजक्या असतात आणि कुठे तरी रेघ ओढावीच लागते.

मग सर्वांची परीक्षा एकाच वेळी का नाही?

वैद्यकीय प्रवेशाची नीट यूजी तशीच होते. एक दिवस, एक सत्र, कागद-पेन आणि ७२० गुण. तिथे समानीकरणाचा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ती दिली आणि पेपरफुटीमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण रद्द करून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. सुरुवातीला ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, अंतिम निकालात ते १७ उरले.

उलट उदाहरण नीट पीजीचे. ती २०२४ मध्ये दोन सत्रांत झाली. २०२५ मध्येही तसेच ठरले होते. पण ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी कधीच तंतोतंत सारखी असू शकत नाही, हे त्यामागचे कारण. जूनमधली परीक्षा त्यामुळे ३ ऑगस्टला झाली. चार लाखांच्या सीईटीसाठी एकाच वेळी एवढी सुरक्षित संगणक केंद्रे उभी करणे आज तरी सोपे नाही.

सीईटीलाही धक्के बसले आहेतच. २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पर्सेंटाइलच्या सूत्रानुसार यात कुणाचा फायदा-तोटा नाही, कारण त्या सत्रातल्या विद्यार्थ्यांची तुलना आपापसातच होणार. पण परीक्षा संपली म्हणून पुस्तके मिटलेल्या मुलांना आठवडाभर पुन्हा त्याच ताणात बसावे लागले, त्याची नोंद कुठल्याही सूत्रात होत नाही.

दोन संधींनी प्रश्न सुटेल?

२०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचे आणि दोन्हींतली चांगली कामगिरी धरण्याचे राज्याने जाहीर केले. आजारपण, बसलेला धक्का किंवा एक वाईट दिवस यामुळे वर्ष वाया जाऊ नये, ही भूमिका योग्यच आहे.

पण पर्सेंटाइलचे मूळ गृहीतक इथे ताणले जाते. एका संधीतल्या सत्रांत विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटता येतात. दुसऱ्या संधीला कोण येणार, हे विद्यार्थी स्वतः ठरवतात. पहिल्यांदा ९९.८ मिळालेला बहुधा घरी बसेल. अभियांत्रिकीचा नाद सोडलेलाही येणार नाही. उरलेल्यांची स्पर्धा पहिल्यापेक्षा सोपी असेल की कठीण, हे आधी सांगता येत नाही. दुसऱ्या वेळचे ९५ हे पहिल्या वेळच्या ९५ इतकेच असतील, याची हमी सूत्रात नाही. म्हणूनच प्रत्येक सत्रात किती विद्यार्थी बसले आणि कोणत्या गुणांना किती पर्सेंटाइल मिळाले, याचा तक्ता निकालाच्याच दिवशी कुणालाही सहज सापडेल असा जाहीर व्हायला हवा. त्याला फारसा खर्च येत नाही. शंका मात्र अर्ध्याहून कमी होतील.

विद्यार्थी याला कसे तोंड देतात?

परीक्षा केंद्राबाहेर पडल्याक्षणी टेलिग्रामवर ‘तुझी शिफ्ट कशी होती?’ सुरू होते. संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर त्या सत्राची चिरफाड झालेली असते. रात्री ‘पर्सेंटाइल प्रेडिक्टर’. अंदाजे गुण टाकायचे, आकडा बघायचा, दुसऱ्या संकेतस्थळावर पुन्हा टाकायचे. हे प्रेडिक्टर मागच्या वर्षांच्या आकड्यांवर चालतात. त्या सत्राचा पेपर किती अवघड होता हे त्यांना ठाऊक नसते. अनेक विद्यार्थ्यांचे निकालापर्यंतचे आठवडे या खेळात जातात.

त्याआधीची दोन वर्षे क्लासच्या वेळापत्रकावर चालतात. अभियांत्रिकी प्रवेशाला बारावीत खुल्या गटासाठी ४५ आणि राखीव गटांसाठी ४० टक्क्यांची अट पूर्ण झाली की पुढे सगळा भार सीईटीवर. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये मुक्काम, ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था लातूरपासून मुंबईपर्यंत रुळली. दर आठवड्याची चाचणी, भिंतीवर लागलेली यादी, यादीवरून बदलणारी तुकडी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत गुणांवरून तुकड्या पाडू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हेही त्यातच आहे. ‘स्टार बॅच’च्या जाहिराती पाहिल्या तर सूचना वाचल्या किती गेल्या, असा प्रश्न पडतो. मन जड झालेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

जे तुलनेने सावरून राहतात, ते फार वेगळे काही करत नाहीत. भौतिक-रसायनसाठी ९० आणि गणितासाठी ९० मिनिटे, अशीच घरी वेळ लावून पूर्ण पेपर सोडवतात. सराव पेपरच्या गुणांपेक्षा चुकलेल्या प्रश्नांवर जास्त वेळ घालवतात. अकरावीच्या अभ्यासक्रमाचा २० टक्के वाटा सोडून देत नाहीत. आणि एकही प्रश्न कोरा ठेवत नाहीत.

पर्याय अर्ज भरताना काय लक्षात ठेवावे?

राज्यात अभियांत्रिकीच्या सुमारे दोन लाख जागा आहेत आणि दरवर्षी त्यातल्या काही रिकाम्या राहतात. जीवघेणी चुरस असते ती मोजक्या महाविद्यालयांतल्या मोजक्या शाखांसाठी. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमधल्या संगणक शाखेसाठी खुल्या गटात ९९ च्या पुढचे दशांश महत्त्वाचे ठरतात; इतरत्र तितके नाहीत. ७० पर्सेंटाइल मिळालेल्याचे अभियांत्रिकीचे दार बंद झाले, हे घरात बोलले जाणारे वाक्य आकड्यांशी जुळत नाही.

मागच्या वर्षीचा कटऑफ हा अंदाज असतो. जागा वाढल्या, नवी शाखा आली की तो हलतो. म्हणून महाविद्यालयांचा क्रम कटऑफवरून लावू नये, आवडीवरून लावावा. यंत्रणा गुणवत्ता क्रमाने एकेकाची यादी वरून खाली पाहते आणि पहिली उपलब्ध जागा देते. अवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय वर ठेवल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. फक्त पहिला पर्याय विचारपूर्वक भरावा. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती स्वीकारावी लागते आणि पुढच्या फेऱ्यांत नशीब आजमावता येत नाही.