बिल्ला आधी की उपचार?

जनावरांच्या साथरोगांवर शासनाने नियंत्रण ठेवावे की नाही, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. गोचिडांना शेताच्या बांधाची हद्द ठाऊक नसते. एका शेतकऱ्याने आपला गोठा कितीही स्वच्छ ठेवला, तरी शेजारची दावण उपेक्षित राहिली की त्याचे श्रम वाया जातात. म्हणून येथे सामुदायिक, प्रसंगी सक्तीचीही उपाययोजना करावी लागते. जनावराची ओळख पटविणारी खूण, मग ती तापल्या लोखंडाचा डाग असो वा कानातील बिल्ला, चोरीला आळा घालते व लसीकरणाची नोंद राखते. समाजवादी विचाराला यात वावगे काही नाही. खरा प्रश्न निराळा आहे : ही नोंदवही कोणाच्या हिताची, आणि तिच्या मोबदल्यात पशुपालकाच्या पदरात काय पडते?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचा धडा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गोचिडांमुळे पसरणारा ‘ईस्ट कोस्ट’ ताप आला. रॉबर्ट कॉखसारखा जगन्मान्य संशोधक तेथे येऊनही त्याची टोचणी यशस्वी ठरली नाही. अखेर उपाय सापडला तो साधाच : लांबट, खोल हौदात सोमल मिसळलेले पाणी भरायचे आणि ठराविक दिवसांनी प्रत्येक जनावर त्यातून पोहवून बाहेर काढायचे. शास्त्र अचूक होते. १९५४ पर्यंत तो ताप त्या देशातून हद्दपार झाला.

परंतु हे शास्त्र राबविणारी सत्ता वसाहतवादी होती. हौदावर जनावर आणण्याची सक्ती आफ्रिकी शेतकऱ्यावर, शुल्कही त्याच्याच माथी. हौदावर गणती होत असल्याने कोणाच्या दावणीला किती गुरे, हे सरकारला आयतेच कळे. १९३० च्या कायद्याने उत्तम जमीन गोऱ्यांसाठी आधीच राखून ठेवली होती. १९५१ च्या कायद्याने उरल्यासुरल्या राखीव भागातील आफ्रिकी शेतकऱ्याच्या गुरांच्या संख्येवरही मर्यादा आली. रोगनिवारणाचा हौद लोकांच्या दृष्टीने जणू चावडीच झाला. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व ग्रीक्वालँड भागात तर १९१४ सालीच संतप्त शेतकऱ्यांनी असे हौद उद्ध्वस्त केले होते.

ऱ्होडेशियात १९७० च्या दशकात मुक्तियुद्ध पेटले, तेव्हा गावोगावी हौदांवर बहिष्कार पडला. पुढे जे घडले ते विदारक आहे. गोचिडांचा फैलाव अनिर्बंध झाला आणि सुमारे दहा लक्ष गुरे दगावली. त्यांतील बहुतेक गरीब आफ्रिकी शेतकऱ्यांचीच होती. जुलमाविरुद्धचा रोष न्याय्य होता, पण त्याची किंमतही शोषितांनाच मोजावी लागली. जी सत्ता औषधाला पाळतीचे साधन बनविते, ती औषधावरचाच विश्वास मारते.

आपल्याकडे वसाहतवादी राजवट नाही, लोकांनी निवडून दिलेले शासन आहे. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा अधिक. केंद्राच्या २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याने लस दिलेल्या जनावरावर खूण करण्याची तरतूद केली, ती रास्तच होती. परंतु २०२४ साली महाराष्ट्र शासनाने १ जूनपासून बिल्ला नसलेल्या जनावरास शासकीय पशुवैद्यकीय सेवा मिळणार नाही, असे जाहीर केले. बाजारातील खरेदी-विक्री, तसेच नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का वा वन्य पशूंचा हल्ला यांत मेलेल्या जनावराची भरपाईही बिल्ल्याशी जोडली गेली. बाजारातील व्यवहाराला अशी अट घालणे समजू शकते. आजारी जनावराच्या उपचाराला ती घालणे मात्र सर्वस्वी अनुचित आहे.

सक्तीवाचून नोंदणी पुरी होत नाही, हा युक्तिवाद नोकरशाहीकडून केला जाईल. पण नोंदणीतून सुटतो कोण? अर्धे वर्ष कारखान्याच्या तळावर बैलांसह काढणारा ऊसतोड कामगार, मेंढवाडा घेऊन गावोगाव फिरणारा धनगर, दोन शेळ्यांवर संसाराला हातभार लावणारी भूमिहीन स्त्री. ज्याला सेवेची गरज सर्वाधिक, त्यालाच दवाखान्याच्या दारातून परत पाठवायचे काय? शिवाय उपचाराविना राहिलेले जनावर बिल्ला लावलेल्या जनावरालाही रोग देणारच. गोचीड काही कानातील क्रमांक वाचून चावत नाही.

दुसरी बाब शासनाच्या उत्तरदायित्वाची. अधिक दुधासाठी संकरित गाईंचा पुरस्कार शासनानेच केला. या गाई गोचीडतापाला देशी गाईंपेक्षा अधिक बळी पडतात. मग गोचीडनाशकाचा आणि औषधपाण्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा?

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. उपचार आधी, बिल्ला उपचाराच्याच वेळी आणि विनामूल्य. पावसाळ्यापूर्वी गावातील सर्व जनावरांवर एकाच वेळी शासनाच्या खर्चाने गोचीडनाशक फवारणी व्हावी, फिरत्या कळपांसाठी वाटेवर आणि साखर कारखान्यांच्या तळावर पथके असावीत. किती जनावरांना बिल्ले लागले एवढेच नव्हे, तर किती जनावरांवर उपचार झाले, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा. ज्या शासनाला गुरे मोजता येतात, त्याला ती वाचविताही आली पाहिजेत.