निरोप समारंभात हसवायचं कसं आणि कुणावर?

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्याकडे निरोप समारंभांचा हंगाम. आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ 1 जून लावून टाकायचे. ती मंडळी 58 वर्षे पूर्ण करून 31 मेला एकदम निवृत्त होतात. आणि सूत्रसंचालन? ते ‘तुम्ही जरा बरं बोलता’ म्हणून एखाद्या तरुण शिक्षिकेच्या गळ्यात पडतं. आमच्या शिवाजी पेठेत तर नाही म्हणायचीही सोय नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर तेच मुख्याध्यापक फिरायला आलेले असतात!

मग आदल्या रात्री व्हॉट्सअॅप उघडायचं आणि विनोद गोळा करायचे. नवरा-बायको, सासू, टक्कल, वजन. सभागृहात निम्म्याहून जास्त शिक्षिका बसलेल्या असतात आणि माईकवरून ‘बायको’ या विषयावर पाचवा विनोद चालू असतो. लोक हसतातही. पण माझं स्पष्ट मत सांगते, हे हसू सवयीचं असतं. असा विनोद कुठल्याही बँकेत, कुठल्याही लग्नात चालतो. म्हणजेच तो आपल्या कार्यक्रमासाठी लिहिलेला नसतो.

एका शाळेतली गोष्ट सांगते, नाव नको. कार्यक्रमात एका बाईंच्या वजनावर चारोळी झाली. बाई हसल्या, टाळ्याही वाजवल्या. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांची किरकोळ रजा होती. त्याच्या पुढच्या वर्षीही होती. कुणी विचारलं नाही, कारण ‘त्या तर तेव्हा हसल्या होत्या.’ आता सांगा, स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला हसण्याशिवाय दुसरं काय करता येतं? फिशपाँडच्या चिठ्ठीचंही तेच. लिहिणारा निनावी असतो आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याचं नाव मात्र माईकवरून!

‘मग काय, थट्टा करायचीच नाही का?’ असं लगेच विचारलं जातं. करायची की! कोल्हापुरात राहून थट्टा बंद कशी होईल? फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर एक पेठ दुसऱ्या पेठेला काय काय बोलते ते ऐका. पण तिथं टोला दिला की पाच मिनिटांत परत टोला मिळतो. दोघांची ताकद सारखी असते. खिचडी शिजवणाऱ्या ताई मुख्याध्यापकांना भर कार्यक्रमात परत टोला देऊ शकतात का? मानधनावर काम करणारा शिक्षण सेवक केंद्रप्रमुखांना देऊ शकतो का? नाही ना? मग त्यांच्यावर विनोद लिहायचा नाही. ते स्वतः माईक घेऊन आपल्या मानधनावर विनोद करत असतील तर मात्र खुशाल करू द्या, तो त्यांचा हक्क.

चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि त्यांचा चिमणराव साधा कारकून. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. कामाच्या ठिकाणी विनोद लिहिणाऱ्याला यापेक्षा सोपी वाट नाही. फजिती स्वतःची घ्या, नाहीतर सगळ्यांची मिळून असलेली घ्या. आपल्याकडे तिचा तुटवडा आहे का? यू-डायस, बीएलओचं काम, दुपारी बारा वाजता आलेला ‘आज बारापर्यंत माहिती द्या’ असा निरोप! ‘आमच्याकडे माहिती तीन प्रकारची असते: तातडीची, अति तातडीची आणि काल द्यायला हवी होती ती.’ यात कुणाचं नाव नाही, पण प्रत्येकाला आपला मोबाईल आठवतो.

आता लिहिण्याबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथंच बरेच विनोद मार खातात. हे बघा: ‘सरांचा जन्म 1 जूनला झाला हे त्यांच्या आईला आठवत नव्हतं, पण गुरुजींना माहीत होतं.’ ठीक आहे, कुणी हसणार नाही. आता असं म्हणा: ‘सरांचा जन्म कधी झाला हे त्यांच्या आईलाही आठवत नव्हतं. पण गुरुजींना पक्कं माहीत होतं, 1 जून.’ मजकूर तोच आहे. फक्त ज्या शब्दावर हसू यायला हवं तो शेवटी ठेवला आणि गप्प बसलो. त्यानंतर ‘म्हणजे काय, तर पूर्वी असं व्हायचं की...’ हे आपल्याला वर्गातल्या सवयीने सुचतंच. तेवढं गिळा. आणि ‘आता एक विनोद सांगते’ असंही आधी म्हणू नका.

कागदावर हसू आलं म्हणून माईकवर येईलच असं नाही. आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन गावोगाव नेलं. आपण चार ओळी तरी घरात मोठ्याने वाचाव्यात. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य लांब झालेलं असतं.

समोर कोण बसलंय हेही बघायला हवं. ‘सरांनी खिचडीची चव रोज घेतली आणि वहीत रोज “उत्तम” लिहिलं. खिचडी शिजली नाही त्या दिवशीही.’ स्टाफरूममध्ये याला हशा हमखास. पण गटशिक्षणाधिकारी पहिल्या खुर्चीत असतील तर हा विनोद म्हणजे कारणे दाखवा नोटिशीचा कच्चा मसुदा. तो स्टाफरूममध्येच राहू द्या.

काही गोष्टी तर कायद्यानेच बंद आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात लैंगिक अर्थाची शेरेबाजीही छळाच्या व्याख्येत येते, आणि शाळा हे कामाचंच ठिकाण आहे. ‘गंमत केली’ म्हणून ती शेरेबाजी कायद्यातून सुटत नाही. जात, रंग, अपंगत्व यांबद्दल मी वेगळं लिहीत बसत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

पालकांनाही यात का घेतलं? कारण तुमच्याही ऑफिसात, बँकेत, कारखान्यात हेच कार्यक्रम होतात, आणि घरी येऊन तुम्ही ते विनोद जेवताना सांगता. चौथीतलं पोर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तोच ‘जाड्या’चा विनोद बाकावरच्या मित्रावर करून बघतं. तक्रार आमच्याकडे येते.

शेवटी, या 31 मेसाठी कुणी लिहीत असेल तर एक करा. ज्यांचा निरोप आहे त्यांच्यावरच्या ओळी आदल्या दिवशी त्यांनाच वाचून दाखवा. एकदम गुपित राहिलं पाहिजे असं काही नाही, उलट बऱ्याचदा तेच ‘अहो, त्या सहलीच्या बसचंही घाला’ म्हणून आणखी चांगला मसाला देतात. आणि एखाद्या ओळीवर ‘चालेल’ म्हणायला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला, तर ती ओळ तिथंच, त्यांच्यासमोर खोडा.