प्री-मेड ही पदवी नव्हे



मलिद्याचे ताट फिरून झाले, चहा आला, की आपल्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. "तुमचा मुलगा सध्या काय करतो?" उत्तरही ठरलेले असते. "प्री-मेड करतो." विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याची मान ताठ होते, आणि मुलगा कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला असतो. या उत्तराविरुद्ध आज आम्हांला लिहावयाचे आहे. लोकांच्या घरात डोकावून त्यांना शहाणपण शिकविण्याचा आमचा हेतू नाही, कारण हेच उत्तर आमच्या घरातूनही मोठ्या थाटात दिले गेले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतात बारावी झाली की मुलगा थेट एम. बी. बी. एस. ला जातो. अमेरिकेत तसे नाही. येथे आधी चार वर्षांचे कॉलेज, नंतर चार वर्षांचे मेडिकल. वकिलीचेही तसेच, कॉलेजनंतर तीन वर्षे. मग 'प्री-मेड' म्हणजे काय? बहुतेक कॉलेजांत तो पदवीचा विषयच नसतो. ती एक यादी आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी साधारण एक वर्ष, सोबत प्रयोगशाळा, आणि अलीकडे बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री. एवढे केले की पदवी इतिहासाची घ्या, संगीताची घ्या, नाहीतर गणिताची घ्या. वकिलीला तर तेवढीही यादी नाही. कायद्याच्या शिक्षणासाठी अमेरिकन बार असोसिएशन कोणत्याही एका विषयाची शिफारस करीत नाही.

मग आपल्या घरांत जीवशास्त्राचाच हट्ट का? त्याचे मूळ अमेरिकेत नसून मुंबईत आहे. पहिला वर्ग मिळाला तर सायन्स, थोडे कमी पडले तर कॉमर्स, आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स, अशी उतरंड आपण लहानपणापासून पाहिली. सामानाबरोबर ती विमानातून क्वीन्सला आणि न्यू जर्सीलाही आणली. 'आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला' हे वाक्य ज्या देशात निरर्थक आहे, त्या देशात आपण ते अजून मुलांना ऐकवीत आहोत.

यावर कोणी म्हणेल, "या सगळ्या बोलण्याच्या गोष्टी. इतिहास शिकलेल्याला डॉक्टर कोण करतो?" त्याचे उत्तर न्यूयॉर्कमध्येच आहे. माउंट सायनाय हे इस्पितळ 1852 साली 'ज्यूज हॉस्पिटल' या नावाने निघाले. त्याच्या मेडिकल कॉलेजाने 1987 साली एक योजना सुरू केली. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र असे विषय घेतलेल्या मुलांना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच मेडिकलची जागा देऊन टाकावयाची. एमकॅटची परीक्षा नाही, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे आणि भौतिकशास्त्राचे वर्षभराचे वर्ग नाहीत. पुढे त्या मुलांची इतरांशी तुलना करून 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या मुलांना थोडे कमी गुण पडले होते, हे लपविण्याचे कारण नाही. पण अखेरीच्या मानांकनात आणि सन्मानांत ती सायन्सच्या मुलांच्या बरोबरीने होती. खुद्द एमकॅटमध्येही 2015 पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र आले. तिच्यातील एका भागात 90 मिनिटांत 53 प्रश्न सोडवावे लागतात, आणि त्यांतील उतारे साहित्य, तत्त्वज्ञान, समाज अशा विषयांवरचे असतात. तेथे पाठांतर चालत नाही, वाचनाची सवय लागते. ती सवय आपण 'वेळेचा नाश' म्हणून दहावीतच मोडून टाकलेली असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. "एवढे कर्ज काढून इतिहास शिकवावयाचा काय?" प्रश्न रास्त आहे, पण हिशेब पुरता करावा. 2023 साली अमेरिकेतील एम. डी. च्या कॉलेजांकडे 52,577 जणांनी अर्ज केले आणि 22,981 जणांनी प्रवेश घेतला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले त्या वर्षी बाहेर राहिली. जो मुलगा मन मारून जीवशास्त्र शिकला आणि बाहेर राहिला, त्याच्या हाती काय उरले? आवडीच्या विषयात चांगले गुण मिळविलेल्या मुलाला दुसरी वाट तरी असते.

आता आमच्या घरची गोष्ट. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आमच्या मुलाला 'सी' मिळाला. त्याने तो आम्हांला सांगितला नाही. तोच विषय पुन्हा घेतला, पुन्हा घसरला. येथील मेडिकलच्या अर्जात पुन्हा घेतलेल्या विषयाचे दोन्ही वेळचे गुण धरले जातात. जुना डाग पुसला जात नाही. हे त्याला माहीत होते, आम्हांला नव्हते. दोन वर्षे तो रोश हशानाला घरी येई, चिकाचा हलवा खाई, आणि त्याचे मामा त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारीत. तिसऱ्या वर्षी कॉलेजातून फोन आला की तो आठवडाभर खोलीबाहेर पडलेला नाही. आम्ही रात्रीतून गाडी हाकीत गेलो. दार उघडल्यावर त्याचे पहिले शब्द होते, "बाबा, मामांना काय सांगायचं?" नापास होण्याची भीती त्याला तितकी वाटत नव्हती. आमच्या बैठकीतल्या त्या एका प्रश्नाची वाटत होती. त्या दिवशी आम्हांला आमची चूक कळली. आज तो शाळेत शिकवितो आणि सुखी आहे. पण ती दोन वर्षे आम्ही त्याला परत देऊ शकत नाही.

डॉ. जेरूशा झिराड यांचे नाव आपण मुलांना अभिमानाने सांगतो. लंडनची एम. डी., 1928 ते 1947 कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, 1966 साली पद्मश्री. पण त्यांच्या गोष्टीतला आरंभ आपण गाळतो. त्यांच्या बहिणीला कामा हॉस्पिटलमधील डॉ. बेन्सन यांनी वाचविले, आणि ते पाहून त्या लहान मुलीने डॉक्टर होण्याचे स्वतः ठरविले. आधी तिने डॉक्टरचे काम पाहिले, मग इच्छा धरली. आपण इच्छा लादतो, आणि काम मुलाने चार वर्षांनी पाहावे अशी अपेक्षा करतो.

म्हणून आमचे पालकांना तीन गोष्टींविषयी सांगणे आहे. पहिली, कॉलेजच्या पहिल्याच उन्हाळ्यात मुलाला इस्पितळात किंवा वकिलाच्या कचेरीत सेवेला पाठवा. रुग्णाची घाण साफ करूनही त्याला तेथे राहावेसे वाटले, तर त्याची इच्छा खरी. दुसरी, आवश्यक विषय घेऊ द्या, पण सगळे पहिल्याच सत्रात लादू नका, आणि पदवीचा विषय त्याचा त्याला निवडू द्या. तिसरी, कॉलेजनंतर एखादे वर्ष नोकरी करून मग अर्ज केला, तर 'पोरगं घरी बसलं' म्हणू नका. आज मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले असे वर्ष घेतात. अश्दोद आणि दिमोना येथील आपल्या नातलगांची मुले लष्करी सेवा आटोपून विशी उलटल्यावर कॉलेजात जातात. त्यांचे वर्ष वाया गेले असे आपल्यापैकी कोणी कधी म्हटले आहे काय?

आम्ही डॉक्टर होण्याच्या विरुद्ध नाही. एकेकाळी अमेरिकेतील अनेक मेडिकल कॉलेजांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मुद्दाम रोखून धरली होती. त्या दारातून आज आपली मुले जात असतील तर आम्हांला आनंदच आहे. पण दार उघडे आहे म्हणून मुलाला पाठीमागून ढकलू नये.

पुढच्या मलिद्याला एवढे तरी करू या. "काय करतो?" असे बापाला विचारण्याऐवजी, "काय वाचतो आहेस रे सध्या?" असे मुलालाच विचारू या. आणि तो बोलू लागला की मध्ये न बोलता ऐकू या.