खेळात राजकारण नको, पण कुणाचं?

सोलापुरातल्या एका सत्कार समारंभात अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी मध्यंतरी भरल्या गळ्याने सांगितलं की खेळात राजकारण शिरलं आणि खेळाचं वाटोळं झालं. टाळ्या पडल्या. त्यांच्या पाठीमागच्या फलकावर पाच पुढाऱ्यांचे हसरे चेहरे होते आणि ज्याचा सत्कार, तो पैलवान खाली उजव्या कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचा. गृहस्थांची फलकाकडे पाठ होती, त्यामुळे त्यांना ते दिसलं नसावं असं मी धरून चालतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी खेळ शुद्ध होता. माणसं यायची, कुस्ती बघायची, घरी जायची. आता फडाभोवती बसलेले लोक कुस्ती कमी बघतात आणि साखर कारखाना, आरक्षण, उजनी धरणाचं पाणी यांवरच जास्त बोलतात. पैलवान निवडणुकीला उभे राहतात. पोरी धरण्याला बसतात. शिवाय आपले देशी खेळ आता म्हाताऱ्यांपुरते उरले. सबब प्रेक्षकाने यावं, टाळी वाजवावी आणि डोकं घरी ठेवून यावं. (शेवटचा तुकडा माझा. अर्थ त्यांचाच.)

आधी ते ‘पूर्वी’ बघू, कारण माझी खरी खाज तिथे आहे. पूर्वी म्हणजे नेमकं कधी?

शाहू महाराजांच्या काळी? ज्या राजाने 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या निम्म्या जागा राखल्या, त्याच राजाने 1912 साली कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं केलं. ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांनी केली असं ज्याला वाटतं, त्याला ना राजा कळला ना मैदान. अठरापगड जातींची माणसं जिथे एका उतारावर बसून एकाच कुस्तीवर भांडतात, ती जागा बांधणं हे राजकारणच होतं, आणि चांगलं राजकारण होतं. की मग 1914 नंतरच्या अमरावतीत, जिथे हनुमान आखाड्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाने परकी सत्तेच्या डोळ्यांदेखत पोरांची शरीरं घडवली आणि 1936 साली थेट बर्लिनला जाऊन मल्लखांब, कबड्डी, खो-खो जगाला करून दाखवले? तिथे ते नुसते घाम गाळायला गेले नव्हते. गुलाम म्हणवल्या जाणाऱ्या देशाला स्वतःचे खेळ आहेत, हे सांगायला गेले होते.

बरं, क्रिकेट तरी शुद्ध? मुंबईची ती गाजलेली चौरंगी, पुढे पंचरंगी झालेली स्पर्धा धर्माच्या नावाने संघ उभे करून खेळली जायची. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक. त्या हिंदू संघाला पळवणकर बाळूंची गोलंदाजी हवी होती, कप्तान म्हणून मात्र ते नको होते, कारण जात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेला माणूस! पुढे त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल त्या संघाचा कप्तान झाला, तोही भांडणाशिवाय नव्हे. आणि 1937 च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या बाजूने थेट बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. खेळाडू निवडणुकीला उभे राहिले म्हणून नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी. नव्वद वर्षं होत आली.

लांब कशाला जायचं? सोलापूर घ्या. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आज ऐकली की आपल्याला गणपतीची मिरवणूक आणि लेझीम आठवते, पण या सगळ्या मुळात नावाप्रमाणे तालमीच. जोर-बैठका, हौदातली माती, पहाटेचा अंधार. गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस तिथे अंगाला तेल चोळायचा आणि तिथेच मजुरीवर बोलायचा. पार्क मैदानाकडे जाताना चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ बसला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. ज्या गावाने मैदानाच्या वाटेवर हे चौघे उभे केले, त्या गावाच्या प्रेक्षकाला ‘मैदानात विचार करू नका’ असं सांगायला गृहस्थांना जीभ तरी कशी रेटते?

हा काही आमचाच वेडेपणा नाही. आयर्लंडमध्ये 1884 साली थर्ल्स नावाच्या गावी काही मंडळी एका हॉटेलात जमली आणि त्यांनी आपल्या हर्लिंगसाठी, आपल्या फुटबॉलसाठी संघटना काढली, कारण इंग्रजांचे खेळ गावागावांत पसरत होते. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिनच्या क्रोक पार्कात सामना चालू असताना इंग्रज सत्तेच्या माणसांनी गोळीबार केला, 14 जीव गेले, त्यांत मैदानावरचा एक खेळाडू होता. आज त्याच्या नावाची प्रेक्षागॅलरी तिथे उभी आहे. तिथे बसणारा माणूस आपल्या परगण्याच्या संघाला ओरडून प्रोत्साहन देतो आणि मध्यंतरात सरकारच्या नावाने बोटं मोडतो. त्या संघटनेने परके खेळ खेळणाऱ्या सभासदाला बाहेर काढायचाही नियम केला होता आणि तो 1971 पर्यंत टिकला. तो नियम मला मूर्खपणाचा वाटतो. पण तो मोडला तोही त्याच सभासदांनी वाद घालून, कुणा अध्यक्षांच्या सुस्काऱ्याने नव्हे.

इथे जुनं भांडण आठवतं, माती की मॅट. तेव्हाही हीच जातकुळी बोलत होती. मातीची कुस्ती हीच खरी, मॅट हे परक्यांचं फॅड. मग मॅटवर पदकं यायला लागली तेव्हा याच मंडळींनी मॅटवर उभं राहून फोटो काढून घेतले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं तेव्हा प्रवासाच्या पैशासाठी लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबा 1984 साली गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. खेळात राजकारण नव्हतं म्हणून हे झालं का? राजकारण होतंच. त्यात खेळाडूची बाजू घेणारा कुणी नव्हता.

असो. आता फडावर येऊ.

जत्रेतलं कुस्तीचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काही नवं सांगत नाही. रेवड्यांच्या कुस्त्या संपलेल्या असतात, हलगी तापलेली असते, बऱ्या जोड्या लागायला सुरुवात होते. एकाने ढाक लावायला हात घातलाय, दुसरा कंबर वाकवून वाचवतोय, चार हजार माणसं गप्प. आणि नेमक्या त्या क्षणी भोंग्यातून निवेदक ओरडतो, ‘साहेबांचं आगमन झालेलं आहे, कुस्ती थांबवा!’ हलगी थांबते. दोन घामेजले पैलवान मातीत कमरेवर हात ठेवून उभे. साहेबांना फेटा, साहेबांच्या मागच्यांना फेटा, त्यांच्या मागच्यांना शाल. मग पुढच्या जोडीच्या पैलवानांचे हात साहेबांच्या हातांत देऊन फोटो. तोवर मघाची पकड सुटलेली, अंग गार पडलेलं, आणि पंच म्हणतात, चला, पहिल्यापासून. असल्या वेळी शेजारचा म्हातारा तंबाखू चोळत म्हणतो, ‘आधी पाणी सोडा म्हणावं ह्याला, मग फेटा बांधू.’

गृहस्थांना यात राजकारण कुठे दिसलं? म्हाताऱ्याच्या तोंडात. फेट्यात नाही, भोंग्यात नाही, थांबवलेल्या कुस्तीत नाही. जे वर चाललंय तो मानपान आणि जे खाली चाललंय ते राजकारण, अशी त्यांची वाटणी आहे. ज्या सोलापुरात नळाला अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी यायचं आणि जिथे 2022 च्या मार्चपासून काही वर्षं महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, नुसता प्रशासक होता, तिथला माणूस साहेबाला गाठणार कुठे? तो सापडतो तो मैदानातच, फेटा बांधून घेताना.

2023 च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत आमच्याच जिल्ह्याचे दोघे समोरासमोर आले, मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. बाहेरील टांगेवर दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर रान पेटलं. इकडे चहाच्या टपरीवर वाद चालला होता तो सिकंदरचा खांदा किती वळला, पाठ धोक्यात आली की नाही, यावर. लोक उभं राहून एकमेकांना टांग लावून दाखवत होते. जात-धर्म काढून विष कालवणारे आले ते मोबाईलमधून, आणि त्यांतल्या निम्म्यांना ढाक आणि टांगेतला फरक विचारला असता तर पळून गेले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. कारण वर खुर्च्यांचं भांडण होतं. एका राज्याला एका महिन्यात दोन केसरी देणारं राजकारण प्रेक्षकांनी केलं नव्हतं. पण सुस्कारा प्रेक्षकांच्याच नावाने.

उरलेल्या मुद्द्यांना एवढा कागद नको. देशी खेळ मेले म्हणता? 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि त्या भारतीय संघात आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. दिल्लीत पैलवान पोरींनी रस्त्यावर बसून खेळाची अब्रू घालवली म्हणता? साक्षी मलिकने 2023 च्या डिसेंबरात बूट काढून टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. ऑलिंपिक पदक मिळवलेली बाई छळाविरुद्ध दाद मागून थकली, यात अब्रू कुणाची गेली ते पाहायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

मग आमचं मागणं काय, असं कुणी विचारेल. थोडंच आहे. राजकारण मैदानात राहू दे, फक्त ते खालून वर जाऊ दे. जत्रेच्या कुस्त्यांचा हिशेब, म्हणजे कुणी किती देणगी जाहीर केली, त्यातली प्रत्यक्ष किती आली, कुणाला किती इनाम पोचलं, हे सगळं देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागू दे. भोंग्यावर एक्कावन्न हजार जाहीर करून नंतर फोन न उचलणाऱ्यांची नावंही त्याच अक्षरांत. तालुक्याला एक मॅट, एक पगारी वस्ताद, आणि मुलींना सराव करायला बंद दाराची जागा, एवढं देणाऱ्याला आम्ही स्वतः फेटा बांधू. जिल्ह्याच्या संघटनांवर ज्यांनी कधी लंगोट लावला, खो दिला किंवा चढाई केली अशी माणसं निम्म्याने तरी असावीत. आणि कुस्ती चालू असताना कुणीही आला तरी हलगी थांबू नये.

गृहस्थांना पुढच्या जत्रेचं अध्यक्षपद द्यायलाही आमची ना नाही. भाषण मात्र शेवटची कुस्ती निकाली झाल्यावर, जे थांबतील त्यांच्यासाठी.