वर्णसमूहाचे सदस्यत्व

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये कलकत्त्यात ‘वर्णपरिचय’ प्रसिद्ध केले, तेव्हा बंगालीत प्रयोग नाही म्हणून दीर्घ ऋ आणि दीर्घ लृ वगळले. ‘क्ष’ हा संयोग म्हणून व्यंजनांतून काढला. (मराठी मुले ‘ळ, क्ष, ज्ञ’ अजूनही एका दमात म्हणतात.) चिन्ह समूहात आहे की नाही, याचा निवाडा भाषेच्या जाणकाराने सकारण केला होता.

आज हाच प्रश्न संगणकाला क्षणोक्षणी विचारला जातो. पायथन या आज्ञाभाषेतील ‘इझअल्फा’ ही कसोटी शब्दातील प्रत्येक चिन्ह ‘अक्षर’ या वर्गात मोडते का, एवढेच पाहते. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. परिणामी बंगाली लिपीतील ‘कलकाता’ कसोटीस उतरत नाही: क, ल, त उत्तीर्ण, काना अनुत्तीर्ण. ‘पुणे’ची गतही तीच, ‘नगर’ तेवढे सुटते.

युनिकोडचे वर्गीकरण चूक नव्हे. काना स्वतंत्र वर्ण नाहीच. दोष आहे तो रोमन लिपीला पुरणारी व्याख्या भारतीय शब्दावर लादण्यात. नावाच्या रकान्याला अशी कसोटी लावली, की स्वतःच्या लिपीत नाव लिहिणारा नागरिकच अवैध ठरतो.

बंगालीच्या खंड-त ला स्वतंत्र स्थान २००५ मध्ये मिळाले, मराठी ‘ॲ’ला २००८ मध्ये. तेव्हा समूहाची व्याख्या भाषाविभागांनी संगणकविभागांवर सोपवून चालणार नाही. जोडचिन्हांसह यादी त्यांनीच सिद्ध करावी, आणि तीही भाषेगणिक वेगळी. कारण असमिया ‘र’ बंगालीच्या कोष्टकात बसला असला, तरी तो बंगालीचा नव्हे.