माळीकाकांची खोली पाडायची कशाला?

हॉस्टेलमागच्या बागेतली माळीकाकांची खोली पाडणार, ही बातमी मेसमध्ये कळली. कारण काय, तर भिंतीला तडा गेलाय. गेलाय हे खरं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढत तो थेट छपराला भिडलाय. वर रुंद, खाली बारीक. म्हणजे खोलीचा टोकाचा कोपरा खचतोय. एवढं तर सेकंड इयरवाल्यालाही सांगता यावं!

पण मंडळी, हाच तडा मे महिन्यात बोट जाईल एवढा उघडतो आणि गणपतीपर्यंत जवळजवळ मिटतो. काकांना विचारा. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यात कोपऱ्याला नीलगिरी. भिंतीचा बिचारीचा दोष काय? तरी आजवर तीनदा वरून सिमेंट थापलं आणि तीनदा ते फुटलं. (झाड तोडा म्हणणाऱ्यांनीही जपून. ते एकदम तोडलं तर सुकलेली माती पुन्हा फुगून तोच कोपरा वर उचलते.)

पाडून नवी बांधू म्हणता? त्याच मातीत दोन फुटी पायावर बांधली तर तिलाही तडा ठरलेला. नीट बांधायची तर अंडर-रीम्ड पाइल हवेत, खोल काळ्या मातीत किमान साडेतीन मीटरचे. फावडी-पाइप ठेवायच्या खोलीला एवढा खर्च कोण मंजूर करणार? शेवटी पत्र्याची शेड उभी राहील. एप्रिलच्या दुपारी काकांनी त्यात बसून डबा खायचा का?

माझं म्हणणं, वर्षभर थांबा. तड्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि दर महिन्याला व्हर्निअरने अंतर मोजा. काचेची पट्टी चिकटवली तर ती नुसती फुटेल, किती हललं ते सांगणार नाही. दरम्यान छपराला पन्हळ लावा, जोत्याभोवती बाहेर उतार देऊन मीटरभर कोबा करा. हालचाल कमी झाली की सांधे खरवडून चुन्याचाच माल भरायचा. बांधकाम जुनं, चुन्यातलं आहे. म्हणून तर तडा सांध्यांतून गेला आणि विटा शाबूत राहिल्या. कडक सिमेंट भरलंत तर पुढचा तडा विटाच फोडेल.

सॉईल मेकॅनिक्सचे पेपर आपण रट्टा मारून काढतो, आणि खिडकीतून दिसणारा तडा कोणी मोजलेला नाही. व्हर्निअर लॅबमध्ये आहे, खिळे काका देतो म्हणालेत. सर, परवानगी तेवढी द्या. मे उजाडायच्या आत पहिलं रीडिंग घ्यायचंय.