गोठ्यातला उन्हाळा कोण मोजणार?

उष्णतेची लाट कशाला म्हणावे, याची व्याख्या भारतीय हवामान खात्याने करून ठेवली आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांना पोहोचल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. या मापाने कोल्हापूर जिल्हा भाग्यवान ठरतो. चंद्रपूर-अकोला होरपळत असतात, तेव्हा कागल तालुक्यातील मुरगूडला पारा बहुधा चाळिशीच्या अलीकडेच थांबतो आणि एखादा वळीव घटकाभर गारवा देऊन जातो. तथापि याच वेदगंगाकाठी एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली दाव्याला बांधलेली म्हैस धापा टाकीत उभी असते. तिच्या वाट्याची लाट कोणी जाहीर करीत नाही.

हा केवळ भूतदयेचा प्रश्न आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजेच 'गोकुळ'ने, या भागातील लहान शेतकऱ्याच्या हाती नियमित रोख पैसा दिला. उसाचे पैसे गळीत हंगामाच्या हिशेबाने येतात. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. किराणा, औषधपाणी आणि मुलांची फी या बिलावर भागते. ते बिल ठरते दुधाच्या मापावर आणि फॅटवर, आणि उन्हाळ्यात नेमक्या याच दोन गोष्टींना ओहोटी लागते.

कारण शरीरधर्मात आहे. डुकराप्रमाणेच म्हशीलाही घामावाटे अंग थंड राखण्याची सोय निसर्गाने फारशी दिलेली नाही. डुकराच्या घर्मग्रंथी जवळजवळ निरुपयोगी असतात. म्हशीच्या गाईपेक्षा पुष्कळच कमी. त्यात काळे, विरळ केसांचे कातडे ऊन शोषून घेते. चिखलात लोळणे, डुंबणे ही म्हणूनच या जनावरांची घाणेरडी खोड नसून जगण्याची रीत आहे. शिवाय चारा पचतानाही पोटात उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकता आली नाही, तर जनावर चाऱ्यावरून तोंड काढून घेते, आणि चारा कमी झाला की दूधही आटते.

या त्रासाचे मोजमाप शास्त्राला ठाऊक नाही, असेही नाही. तापमान आणि हवेतील दमटपणा यांची सांगड घालणारा निर्देशांक दुग्धव्यवसायात बऱ्याच वर्षांपासून वापरला जातो. दुभत्या गाईच्या बाबतीत तो ७२ च्या वर गेला की ताण सुरू होतो, असे मानतात. ३५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा ८५ च्या घरात जातो. माणसांच्या लेखी 'साधा' ठरणारा दिवस जनावराला किती असह्य असू शकतो, हे यावरून ध्यानात येईल. वळिवानंतर ऊन पडले, की हवेतील ओल ही घुसमट वाढवतेच.

दुधातली घट निदान डोळ्यांना दिसते. खरे नुकसान दिसत नाही. उन्हाळ्यात म्हैस मुका माज दाखवते. लक्षणे इतकी पुसट असतात की घरच्या माणसालाही ती कळत नाहीत. एक माज हुकला की २१ दिवस गेले. असे दोन-तीन माज हुकले, की भाकड काळ लांबतो आणि खाणे चालू राहून बिल बंद पडते. कर्ज काढून घेतलेल्या म्हशीचा हप्ता मात्र भाकड होत नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. दुपारी म्हशी नदीच्या डोहात बसत, गायरानात झाडाखाली विसावत, आणि घराच्या सोप्यातील गोठ्यावर कौले असत. पुढे पाटबंधारे आले, ऊस वाढला, गायराने आक्रसली आणि म्हशींमागे जाणारी मुले, योग्यच झाले, शाळेत गेली. म्हैस दाव्याला बांधली गेली आणि कौलांच्या जागी पत्रा आला. अधिक दुधासाठी हरियाणातून मुऱ्हा म्हैस आली. पण तिच्यामागोमाग तिथले गावतळे आले नाही.

उपाय अवघड नाहीत. छप्पर उंच हवे. गरम हवा निघून जाण्यास माथ्याशी फट हवी. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम हवी. पत्र्यावर उसाचा पाला अंथरला किंवा चुन्याचा हात दिला, तरी आतला ताप उतरतो. वैरण पहाटे व रात्री घालावी आणि पाणी सदैव तोंडापाशी असावे, कारण म्हशीच्या दुधात चार-पंचमांशाहून अधिक पाणीच असते. मात्र कोंदट गोठ्यात नुसते फवारे सोडणे घातक होय. अंगावरचे पाणी वाऱ्याने उडून गेले तरच गारवा मिळतो. वारा नसेल तर दमटपणाच वाढतो. पाण्याबरोबर पंखा हवा, आणि पंख्यासाठी भर दुपारी वीज हवी. ती नसेल तेव्हा पाण्याच्या घागरी वाहण्याचे काम घरच्या बाईवर येते.

धोरणाची कसोटी येथे लागते. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून गोठे बांधण्याची तरतूद झाली. तिचा भर पक्की जमीन, गव्हाण आणि मूत्रसंचय टाकी यांवर होता. चिखलाने होणारे रोग पाहता ते गैर नव्हते. परंतु गोठा पावसापासून वाचवताना उन्हाचाही विचार व्हायला हवा. सरकारी मदतीच्या गोठ्याला छपराची उंची आणि हवेचा मार्ग यांची अट घालण्यास फारसा खर्च येत नाही.

दूध संघांनाही पुष्कळ करता येईल. केरळात मलबारच्या सहकारी दूध संघाने २०२३ साली तापमानावर आधारित विमा आणला. ठरलेल्या मर्यादेवर पारा सलग काही दिवस राहिला, की भरपाई. त्यासाठी जनावर मरण्याची वाट पाहावी लागत नाही. कोल्हापूरचा सहकार याहून दुबळा खचित नाही. गावोगावच्या दूध संस्थेत दररोज फॅट मोजले जाते. तेथेच तापमान व आर्द्रता नोंदवणारे एक साधे यंत्र टांगले, तर सभासदाला दुपारपूर्वी इशारा देता येईल आणि विम्यालाही विश्वासार्ह आधार मिळेल.

ज्याची नोंद नाही, त्याची भरपाई नाही आणि त्यावर उपायही नाही, हा शासनव्यवहाराचा जुना नियम आहे. गोठ्यातला उन्हाळा मोजला जात नाही, तोवर त्याचा खर्च मुरगूडसारख्या गावांतील दोन म्हशींचे कुटुंब मुकाट्याने भरीत राहील, आणि दर दहा दिवसांच्या बिलात तो दिसेल.